दोन सुयांचा हिशेब

हाड मोडले तर प्लास्टर दिसते, ताप आला तर थर्मामीटर सांगतो, पण नसांचे दुखणे कोणालाच दिसत नाही. पाय जागच्या जागी असतो. त्याला सूज नसते, जखम नसते, कातडीचा रंगही बदललेला नसतो. तरीही माणूस रात्रभर तळमळतो. घरातली माणसे आधी काळजी करतात, मग कंटाळतात आणि शेवटी ‘वयोमानाप्रमाणे चालायचेच’ असे म्हणून कूस बदलून झोपी जातात. मधुमेह आता आपल्या वस्त्यांतही सर्रास आढळतो आणि त्याच्या पाठोपाठ हे दुखणेही येते. त्यावर चिनी सुयांचा उपचार, म्हणजे अ‍ॅक्युपंक्चर, करून पाहावा काय, असे उमरोळी, पालघर, बोईसर या पट्ट्यातील अनेक बंधू-भगिनी मला विचारतात. मी डॉक्टर नाही. बी.कॉम. झालेला एक कारकून आहे आणि नोकरीतून उरलेल्या वेळात समाजाचे जमेल तेवढे काम करतो. परंतु आईच्या पायांच्या निमित्ताने या विषयाचा जो हिशेब माझ्या हाती आला आहे, तो वाचकांपुढे ठेवणे मला कर्तव्य वाटते.

आमचे कुटुंब मूळचे आताच्या जालना जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडायला लावले. वडील मजुरीच्या शोधात मुंबईच्या बाजूला आले आणि पुढे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागले. लग्न होऊन आई आली, तीही बसून राहिली नाही. बांधकामावर विटा वाहिल्या, पुढे कामगारांच्या खानावळीत चपात्या लाटल्या. उभे आयुष्य तिने पायांवर काढले असे म्हटले तर ते अक्षरशः खरे आहे. आज तिचे वय अडुसष्ट आहे. पंधरा वर्षांपासून तिला मधुमेह आहे आणि गेली पाच वर्षे ती इन्सुलिन घेते.

दोन वर्षांपूर्वी तिच्या तळव्यांची आग सुरू झाली. “बाळ, कोणी पायाला मिरची चोळल्यावानी होतंय रे,” असे ती म्हणायची. दिवसा कामाच्या नादात निभावून जाई, पण रात्री दिवे मालवले की आग वाढे. पायावर चादर सहन होत नसे. मध्यरात्री उठून ती गार लादीवर पाय टेकवून बसे. माझी पत्नी ओले फडके गुंडाळून देई, ते सुकले की पुन्हा भिजवे. गंमत अशी की जे पाय रात्री पेटत, त्यांनाच सकाळी जमीन नीट कळत नसे. “कापसावर चालल्यावानी वाटतं,” असे ती सांगे. शेजारपाजारच्यांनी आपापल्या परीने सल्ले दिले. कोणी वात म्हणाले, कोणी तेल सुचवले, कोणी दबक्या आवाजात भगताचेही नाव घेतले. भगताचा विषय आईनेच जागच्या जागी संपवला. आमच्या घरात त्याला जागा नाही.

हे दुखणे म्हणजे नेमके काय, हे सरकारी रुग्णालयातील डॉक्टरांनी समजावून सांगितले. आपण सरसकट ‘नस’ म्हणतो, तेव्हा दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ करतो. एक रक्तवाहिनी, जिच्यातून रक्त वाहते. दुसरा मज्जातंतू, जो विजेच्या तारेसारखा संदेश नेतो. मधुमेहात वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की मज्जातंतूंना इजा होते आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही खराब होतात. पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू सर्वांत लांब असतात, म्हणून पहिला फटका पायाच्या बोटांना बसतो आणि मग मोजा वर ओढावा तसा त्रास हळूहळू वर चढतो. बिघडलेली तार कधी खोटाच संदेश पाठवते. जळत काही नसते, पण मेंदूला ‘जळते आहे’ असे कळते. तीच तार कधी खरा संदेशही पोहोचवत नाही, मग काटा टोचला तरी कळत नाही. आग आणि बधिरपणा एकाच पायात कसे नांदतात, याचे उत्तर हे आहे.

डॉक्टरांनी नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून पाहिला, कंप पावणारा चिमटा घोट्यावर ठेवून पाहिला आणि रात्री घ्यायची एक गोळी दिली. या दुखण्यावर साध्या अंगदुखीच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, प्रिगॅबॅलिन, गॅबापेंटिन अशी मज्जातंतूंच्या वेदनेवरची औषधे वेगळी असतात. त्यांनी अनेकांना आराम पडतो, सर्वांना पडतोच असे नाही, आणि गुंगी येणे ही त्यांची नेहमीची तक्रार आहे. आईला थोडा आराम पडला, पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोळे जड राहत. गोळी वाढवली तर तोल जाण्याची भीती होती. त्या वयात पडून खुब्याचे हाड मोडले तर काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे.

अशा वेळी एका ओळखीच्या बाईंनी सुयांच्या शिबिराची बातमी आणली. गाव मी सांगत नाही. एका हॉलमध्ये रांगेने खुर्च्या मांडल्या होत्या. ‘नसांचे सर्व आजार मुळापासून बरे’ असा फलक होता. सुया स्पिरिटच्या बरणीत बुडवून ठेवलेल्या होत्या. एकाच्या पायातून निघालेली सुई पुन्हा त्याच बरणीत जात होती. सुया प्रत्येकाला नव्या आहेत काय, असे मी विचारले. “धुतलेल्या असतात,” असे उत्तर मिळाले. आईची फाइल न उघडताच त्या गृहस्थाने सांगितले की बारा दिवस या, आणि आजपासून इन्सुलिन बंद करा, कारण ‘त्यानेच नसा जळतात’. मी आईला हाताला धरून बाहेर आणले.

रिक्षात बसल्यावर आई माझ्याशी बोलेना. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने तिला सांगितले होते की माझी आग गेली. घर आल्यावर ती एवढेच म्हणाली, “तुला सगळं पुस्तकातलं कळतं बाळ. पण आग मला होते.”

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते आणि आजही नाही. आपण कार्यकर्ते अंधश्रद्धेविरुद्ध बोलतो, ते बरोबरच आहे. पण जो माणूस रात्रभर जागा आहे, त्याला नुसते ‘हे खोटे, ते खोटे’ सांगून झोप येत नाही. त्याला पुढचा रस्ता दाखवावा लागतो. म्हणून मी ठरवले की ही चिनी सुई काय आहे, कोठून आली आणि कायदा तिच्याविषयी काय म्हणतो, हे आधी पाहायचे आणि मग आईशी बोलायचे.

चीनमध्ये हा उपचार दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालत आलेला आहे. शरीरात ठरावीक वाटांनी ‘ची’ नावाची प्राणशक्ती वाहते, ती अडली की दुखणे येते आणि ठरावीक बिंदूंवर सुई टोचली की वाट मोकळी होते, अशी त्यामागची जुनी कल्पना. या वाटा शरीराची चिरफाड करून कोणाला सापडलेल्या नाहीत. पण सुईने वेदना कमी होते असा अनुभव मात्र त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. साठीच्या दशकात चीनने खेड्यापाड्यांत ‘अनवाणी डॉक्टर’ पाठवले. ते शेतकऱ्यांतूनच निवडलेले, थोडक्या मुदतीचे शिक्षण घेतलेले आरोग्यसेवक होते. त्यांच्या पिशवीत सुया होत्या, कारण सुई स्वस्त होती. पण त्याच पिशवीत लसी आणि आधुनिक औषधेही होती, हे आपल्याकडे सांगितले जात नाही.

आपल्या देशात ही सुई येण्याच्या कथेत एक महाराष्ट्रीय नाव हटकून घेतले जाते, ते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात कोटणिसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकर आणि कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू होते. कोटणीस तेथेच राहिले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी मरण पावले. व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर १९४६ मध्ये चित्रपट काढला. मात्र कोटणीस हे शल्यचिकित्सक होते. भारतात सुयांचा उपचार आणण्याचे श्रेय जाते ते त्यांचे सहकारी डॉ. बसू यांना. ते पन्नाशीच्या दशकात पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी कलकत्त्यात तिचा वापर सुरू केला. म्हणजे आपल्याकडे ही सुई आधुनिक वैद्यक शिकलेल्या एका डॉक्टरच्या हातून आली. औषध बंद करा असे सांगत ती आलेली नाही.

कायद्याचेही तसेच आहे. महाराष्ट्राने अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आणि त्यानुसार चिकित्सकांची नोंदणी करणारी परिषद आहे. केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये उपचाराची एक पद्धत म्हणून तिला मान्यता दिली. तेव्हा हॉल भाड्याने घेऊन बसलेल्या कोणालाही ‘तुमचा नोंदणी क्रमांक दाखवा’ असे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. विचारायला भिऊ नये. ज्याच्याकडे क्रमांक असतो तो रागावत नाही.

चौकशी करून आम्ही बोईसरमधील एका नोंदणीकृत महिला चिकित्सकांकडे गेलो. त्यांनी आधी साखरेचे कागद मागितले, मग आईचे दोन्ही तळवे उजेडात धरून पाहिले. सुया त्यांनी आमच्यासमोर नव्या पाकिटातून काढल्या. अ‍ॅक्युपंक्चरची सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव आणि केसासारखी बारीक असते आणि तिच्यातून कोणतेही औषध आत जात नाही. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटांवर, घोट्याच्या आतल्या बाजूला आणि पायाच्या बोटांच्या बेचक्यांत अशा काही सुया लावून आईला वीस-पंचवीस मिनिटे निजवून ठेवत. नंतर त्या सुया जाड डब्यात टाकून देत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “आजी, मी साखर उतरवत नाही. ते काम तुमच्या डॉक्टरांचं. आग थोडी कमी होते का, तेवढं आपण पाहू. आणि माझ्यासाठी एकही औषध बंद करायचं नाही.” एकदा अंगठ्याजवळ चिरलेले दिसले, तर त्या पायाला त्यांनी सुई लावली नाही. आधी डॉक्टरांकडे पाठवले. माणूस विश्वासाचा आहे की नाही, हे तो काय करतो यापेक्षा काय करण्याचे नाकारतो यावरून लवकर कळते.

आता माझा धंदा हिशेबाचा. उपचार सुरू करण्यापूर्वी चौदा दिवस मी एक वही घातली. रोज सकाळी आईला विचारायचे, रात्रीची आग शून्य ते दहा यांपैकी किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सोसवेना. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण आकडा ती चोख सांगे. ही झाली आरंभीची शिल्लक. त्या चौदा रात्रींत बहुतेक आकडे सात-आठ होते. मग आठवड्यातून दोनदा याप्रमाणे सहा आठवड्यांत बारा वेळा सुया झाल्या. शेवटच्या दोन आठवड्यांत आकडा चार-पाचवर आला. झोप तीन तासांवरून पाच तासांवर गेली. उपचार थांबवल्यानंतर महिन्याभराने तो पुन्हा पाच-सहा झाला. खर्चाच्या बाजूला दर खेपेचे २५० रुपये, म्हणजे बारा खेपांचे ३००० आणि रिक्षाचे धरून सुमारे ४००० रुपये. आपल्याकडच्या कंत्राटी कामगाराची ही आठ-दहा दिवसांची मजुरी झाली.

त्याच वहीत मी दुसरे पान साखरेचे ठेवले होते. उपचारापूर्वी उपाशीपोटी साखर १८२ होती, उपचारानंतर १७६. याला फरक म्हणत नाहीत. एका पानावर जमा दिसत होती आणि दुसरे पान होते तिथेच होते. हीच गोष्ट मला वाचकांच्या मनावर ठसवायची आहे. दुखण्याचे खाते वेगळे आणि आजाराचे खाते वेगळे. सुईने दुखण्याच्या खात्यात काही जमा झाले असेल, पण त्या जमेतून आजाराचे कर्ज फिटत नाही. ते व्याजासह वाढतच राहते. डोळे, मूत्रपिंड आणि पाय यांतून त्याची वसुली होते.

पण आग कमी झालेल्या माणसाला हे पटवणे सोपे नाही. सहाव्या आठवड्यात एका सकाळी आईने इन्सुलिन घेण्यास नकार दिला. “आग उतरली की रे. आता पोटात ही रोजची सुई कशाला टोचायची?” पत्नीने समजावले, मी समजावले. वहीतले दुसरे पान वाचून दाखवले. आकड्यांचा तिच्यावर काही परिणाम झाला नाही. दुसऱ्या दिवशीही तिने सुई घेतली नाही. तिसऱ्या दिवशी ती सारखी पाणी मागू लागली, जीभ कोरडी पडली, आणि आमच्या घरात सगळ्यांचा धीर सुटू लागला.

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली. ती आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याची असून फार थोड्यांना ठाऊक आहे. बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४८ च्या सुरुवातीला, घटनेच्या मसुद्याचे काम चालू असतानाच्या त्या दिवसांत, त्यांच्या पायांत मज्जातंतूंच्या वेदना होत आणि रात्री झोप येत नसे. म्हणजे आईचेच दुखणे! ते इन्सुलिन घेत. होमिओपॅथीची औषधेही त्यांनी घेऊन पाहिली. उपचारांसाठी ते मुंबईला येत, त्याच निमित्ताने डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा परिचय वाढला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ या आपल्या पुस्तकात त्यांनी बाबासाहेबांच्या आजारपणाविषयी लिहिले आहे. त्याच दुखऱ्या पायांवर उभे राहून बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेपुढे मसुदा मांडला आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तो मंजूर होईपर्यंत प्रत्येक कलमावरच्या चर्चेला तोंड दिले.

आई ऐकत राहिली. मग म्हणाली, “बाबासाहेब ही सुई घेत होते?” मी म्हटले, “हो, हीच. इन्सुलिनची.” “आणि दुसरं औषधबी घेत होते?” “तेही घेऊन पाहत होते. पण त्यासाठी ही सुई सोडली नाही.” थोडा वेळ ती पायांकडे पाहत बसली. “मग मी कोण लागून गेले? भर ती सुई.” त्याच दिवशी आम्ही तिला डॉक्टरांना दाखवून आणले. त्यांनी इन्सुलिनचे प्रमाण बदलून दिले. तेव्हापासून तिने एकही दिवस चुकवलेला नाही.

आता प्रश्न उरतो तो असा, की आईचा आकडा आठावरून चारावर आला तो सुईनेच काय? माझी वही हे सिद्ध करू शकत नाही. त्याच काळात ती रात्रीची गोळी घेत होती. आठवड्यातून दोनदा कोणी तरी तिचे पाय हातात घेऊन आपुलकीने विचारपूस करत होते, याचाही गुण येतो. म्हणून शास्त्रज्ञ एका माणसाच्या वहीवर विसंबत नाहीत. ते रोग्यांचे दोन गट करतात. एका गटाला ठरलेल्या बिंदूंवर सुया लावतात, दुसऱ्याला भलत्याच जागी, आणि रोग्याला आपण कोणत्या गटात आहोत हे कळू देत नाहीत.

अशी एक मोठी चाचणी अमेरिकेत एच.आय.व्ही.च्या रोग्यांवर झाली. त्या रोगातही मज्जातंतूंची अशीच आग होते. २५० रोगी होते आणि उपचार चौदा आठवड्यांचा होता. १९९८ मध्ये तिचा निष्कर्ष अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. दुखणे दोन्ही गटांत काहीसे कमी झाले, पण खऱ्या बिंदूंच्या सुया भलत्या जागच्या सुयांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. त्याच चाचणीत अमिट्रिप्टिलिनची गोळीही औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१७ मध्ये कॉक्रेन या संस्थेने मज्जातंतूंच्या वेदनेवरील अ‍ॅक्युपंक्चरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. निकषात बसणाऱ्या सहाच निघाल्या, रोगी मिळून ४६२. उपयोग होतो किंवा होत नाही असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही, असा तिचा निष्कर्ष होता. दुसऱ्या बाजूला, सुई टोचल्यावर शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते, असे सत्तरीच्या दशकातील प्रयोगांतून दिसले आहे. तेव्हा सुई म्हणजे निव्वळ थोतांड असे म्हणता येत नाही आणि रामबाण तर मुळीच म्हणता येत नाही. नोंदणीकृत माणूस असेल, सुई नवी असेल, खिशाला झेपत असेल आणि मूळ औषधे चालू असतील, तर काही आठवडे करून पाहावी. वही ठेवावी. आकडा हलला नाही तर पैसे वाचवावेत. माझे मत एवढेच आहे.

मात्र आग होणाऱ्यापेक्षा ज्याला काहीच होत नाही, त्याची मला अधिक काळजी वाटते. आमच्या वस्तीतले एक कामगार बंधू तारापूरच्या वसाहतीत बारा-बारा तास जाड बूट घालून उभे असतात. आईचे पाहून ते म्हणाले, “माझी आग बंद झाली, आता काही त्रास नाही.” एक दिवस पाळी संपवून त्यांनी बूट काढला तर मोजा रक्ताने भिजलेला. बुटात खडा गेला होता आणि दिवसभर त्यांना तो कळलाच नव्हता. त्यांची आग बंद झाली होती, कारण तारच मेली होती. त्यांचा अंगठा वाचवायला दोन महिने लागले. दुखणे थांबले म्हणजे रोग बरा झाला, असे मधुमेहात कधीही समजू नये.

म्हणून काही गोष्टी सांगतो. मधुमेह असेल तर रोज रात्री तळवे पाहा, वाकता येत नसेल तर आरसा धरा किंवा मुलांना पाहायला सांगा. बूट घालण्यापूर्वी उलटा करून झटका. अनवाणी चालू नका. बधिर पाय गरम पाण्यात घालू नका आणि चिनी उपचारात औषधी पाल्याचा जो शेक देतात तोही बधिर पायाला घेऊ नका. भाजलेले कळत नाही. जखम असलेल्या पायाला सुई लावू देऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. हृदयाला पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडू देऊ नका.

आणखी एक. पायाची प्रत्येक आग मधुमेहाचीच असते असे नाही. अतिमद्यपानाने हे होते. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व कमी पडूनही होते. क्षयरोगाच्या आयसोनियाझिड या गोळीनेही होते, म्हणूनच तिच्याबरोबर बी-६ ची गोळी देतात, ती टाळू नये. आणि अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. आपल्या पालघर जिल्ह्यात त्याचे रुग्ण आजही सापडतात. त्याची औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि वेळेवर घेतली तर रोग पूर्ण बरा होतो. अशा माणसाचे दिवस सुयांत घालवणे म्हणजे त्याची बोटे घालवणे होय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत केलेले आहेत. तेव्हा आधी तेथे निदान करून घ्यावे, सुई त्यानंतर.

आपण १४ एप्रिलला आणि वर्षावासात ठिकठिकाणी आरोग्य तपासणी ठेवतो. बोटातून रक्ताचा थेंब घेतो, साखरेचा आकडा कागदावर लिहून देतो आणि माणूस चपला घालून निघून जातो. त्याचे पाय कोणी पाहत नाही. कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे की यापुढे तपासणीला नायलॉनचा तो दोरा वापरता येणारी एखादी परिचारिका बोलवावी. ती मिळाली नाही तर निदान एक सतरंजी, एक बॅटरी आणि एक आरसा ठेवावा. विहाराच्या दारात आपण पादत्राणे काढतोच. तेथेच दोन मिनिटे एकमेकांचे तळवे पाहून घ्यायला काय हरकत आहे?